शेवटचा माणूस काठाला लागेपर्यंत

हौसा मागच्या ओटीवर बसून वाल सोलत होती. परवा फडक्यात बांधून ठेवलेल्या वालांना चांगले बोटभर मोड आले होते. गरम पाण्यातून काढले की साल सुटते आणि पांढरा दाणा टुपकन परातीत पडतो. वालाचं बिरडं करायचं तर सकाळचा अर्धा वेळ यातच जातो, आणि तो गेलेला हौसाला बरा वाटायचा. हाताला काम असलं की डोकं फार लांब जात नाही.

शेजारच्या सरूने कुंपणावरून विचारलं, "एकटीला एवढे वाल कशाला गो?"

"तुझ्या घरी वाटी पोचली नाय की तूच येशील विचारायला," हौसा म्हणाली.

सरू हसत हसत आपल्या घरात गेली. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

या घराचं दार दिवसा कुणी वाजवत नाही. वडखळ सोडून खाडीच्या अंगाला वळलं की जी गावं लागतात, तिथे माणूस हाक मारत थेट आत येतो. कडी वाजवणारा परका असतो, नाहीतर काहीतरी वाईट सांगायला आलेला असतो. मागच्या हिवाळ्यात कडी वाजली होती ती अशीच, सकाळी. दारात पोलीस पाटील उभे होते, आणि त्यांनी आधी पाणी मागितलं होतं.

हौसाने पदराला हात पुसले आणि दार उघडलं. एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतली, उन्हाने रापलेली, केस बारीक कापलेले. छातीशी एक खोका होता, तो तिने झोपलेलं मूल धरावं तसा दोन्ही हातांनी धरला होता.

"मावशी, मी रोहिणी. रोह्याकडच्या निडीची. आदेशला मी शिकवायचे."

हौसाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. नाव ऐकलेलं होतं. आदेशच्या तोंडी सतत असायचं, रोहिणी मॅडम असं म्हणतात, रोहिणी मॅडम तसं म्हणतात. रोह्याला कॉलेज करून ही बाई विमानातून उड्या मारायला शिकली आणि आता दुसऱ्यांना शिकवते, हे त्याने गावभर सांगितलं होतं.

"ये बाय, मागच्या ओटीवर ये. बस."

रोहिणी खाली बसली. खोका तिने मांडीवरून उतरवला नाही. हौसाने चहा टाकला.

आदेश हौसाचा एकुलता एक. त्याचा बाप मिठागरात कामाला होता, तो लवकर गेला. मग हौसानेच मिठागराची टोपली डोक्यावर घेतली. पोराला शाळा फारशी मानवली नाही, पण पेणच्या एका स्टुडिओत कॅमेरा हातात आला आणि तो मार्गाला लागला. हळदीचं शूटिंग करावं तर आदेशने, असं आसपासच्या गावांत झालं. सगळे नाचत असताना हा कोपऱ्यात बसलेल्या नवरीच्या आजीचा चेहरा टिपायचा. पुढे कुणाच्या तरी ओळखीने तो परराज्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर गेला, हौशी लोक विमानातून उड्या मारतात तिथे. आधी जमिनीवरूनच शूटिंग. मग म्हणाला, खालून काढलेल्या फोटोत माणसाचे तळवेच दिसतात, तोंड दिसत नाही. तोंड बघायचं तर आपणही उडी मारायला हवी.

हौसा तेव्हा बोलली होती, "लग्नात पण तोंडंच दिसतात की. ती बघ."

पण तो शिकला. तिथेच राबायचा आणि शिकायचा. डोक्यावर कॅमेरा बांधायची परवानगी सुद्धा लगेच मिळत नाही, शेकड्यांनी उड्या झाल्यावर मिळते. ती मिळाली तेव्हा हेल्मेट घेऊनच घरी आला. वरून सपाट, त्यावर दोन कॅमेरे, एक शूटिंगचा आणि एक फोटोंचा, उजव्या डोळ्यासमोर नेम धरायला एक छोटं कडं, आणि तोंडात धरायचं एक बटण. हात पंखासारखे पसरलेले असतात, म्हणून फोटो दातांनी काढायचा. बटण चावलं की फोटो.

"म्हणजे तिथं तरी तुझं तोंड बंद असतं," हौसा म्हणाली होती.

एकदा तो पंखांचा सूट घेऊन आला. हातापासून कमरेपर्यंत आणि दोन पायांच्या मधे कापड, तो घालून माणूस पडता पडता पुढे तरंगतो म्हणे. खाडीच्या दमट हवेत कापडाला वास लागू नये म्हणून त्याने तो दोरीवर टाकला, तर सरूने कुंपणावरून विचारलं, "हौसे, एवढं मोठं वटवाघूळ कुठनं पकडलंस गो?" पायाकडे एक शिवण जराशी उसवली होती. हौसा सुईदोरा घेऊन आली, तर आदेशने सूट काढूनच घेतला. "आये, याला हात लावायचा नाय. याची शिवण करणारा माणूस वेगळा असतो." असल्या बाबतीत तो फार काटेकोर होता. उडीच्या आधी पट्टे स्वतः तपासायचा, मग दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा.

म्हणूनच तो गेल्यावर हौसाला काही उलगडत नव्हतं. पोलीस पाटलांनी एवढंच सांगितलं होतं की उडीत हवाई छत्री वेळेवर उघडली नाही. गावाने छत्रीला दोष दिला. हौसाच्या मनात मात्र त्या छत्रीची ज्याने घडी केली असेल त्याचे हात यायचे. चेहरा नाही, नुसते हात.

रोहिणीने चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि खोका उघडला. आत हेल्मेट होतं. एका बाजूला खरचटलेलं, बाकी होतं तसं.

"चौकशी संपली, मावशी. आता हे तुमच्याकडे द्यायला हवं होतं. कुरिअरने पाठवायचं म्हणत होते, मी नको म्हटलं."

हौसाने हेल्मेट हातात घेतलं. आतल्या अस्तराला अजून त्याच्या तेलाचा वास होता की तिला तसं वाटलं, कोण जाणे. तिने ते वालांच्या परातीशेजारी ठेवलं.

"छत्री खराब होती?"

"नाही. छत्री चांगली होती. उघडली सुद्धा. तो उशिरा निघाला."

 रोहिणीने परातीतले चार वाल उचलले आणि सोलायला लागली. खाली बघून बोलणं तिला सोपं जात असावं.

समीक्षा नावाची एक मुलगी शिकायला आली होती. तिच्या उडीला दोन्ही बाजूंनी दोन शिक्षक तिला धरून होते. त्यातली एक रोहिणी. समोर आदेश, शूटिंगला. मधेच ती मुलगी घाबरून आखडली आणि गरगरायला लागली. आधी दुसऱ्या शिक्षकाच्या हातातून सुटली, मग रोहिणीच्या. तिला स्वतःची छत्री उघडायचं भान राहिलं नाही. दुसरा शिक्षक लांब फेकला गेला, रोहिणी तिच्यामागे लागली.

"अशा वेळी कॅमेरावाल्याने मदतीला यायचं नसतं. त्याच्या हातात काही नसतंच. ठरलेली उंची आली की त्याने पाठ फिरवायची, लांब जायचं आणि आपली छत्री उघडायची. कानात यंत्र असतं, ते वाजतं. त्याच्या कानात वाजलंच असणार. मी शेवटी समीक्षाला गाठलं, तिची छत्री उघडली, लगेच माझी उघडली. मला पण उशीरच झाला होता. पण आदेश आम्हा दोघींच्या खाली होता, मावशी. आम्हाला जेवढी जागा उरली, तेवढी त्याला उरली नाही."

"ती पोरगी?"

"बरी आहे. परत आली नाही उडीला. तुमच्याबद्दल विचारते."

हौसाने मान हलवली. खाडीवरून वारा आला आणि वालांची सालं ओटीभर झाली. तिने ती हाताने गोळा केली.

"तू हे द्यायला आलीस. आणखी काय?"

रोहिणी जरा चपापली. मग म्हणाली, "नवीन कॅमेरावाल्यांचा वर्ग सुरू होतोय. त्यांना आदेशचं शेवटचं शूटिंग दाखवावं, असं मला वाटतं. त्याने निघायला हवं होतं तिथे चित्र थांबवायचं आणि सांगायचं, इथे निघा. पुढचं दाखवायचं नाही. आमचे लोक म्हणतात, पुढचं दाखवणं बरं दिसणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर काहीच दाखवणार नाही. पण कुणीतरी परत हेच करेल, याची मला भीती वाटते."

"माझा पोर चुकला, हे शिकवणार तुम्ही."

"हो," रोहिणी म्हणाली. तिने गोड करून सांगितलं नाही, हे हौसाला बरं वाटलं.

"मला दाखव."

"मावशी, तुम्ही नका बघू."

"बघितल्याशिवाय व्हय कसं म्हणू? दाखव गो."

रोहिणीने टॅब काढला. हौसाने चष्मा पुसून लावला. ती आदेशला बघायच्या तयारीने बसली होती, पण त्यात आदेश नव्हताच. त्याने जे बघितलं तेवढंच होतं. आधी विमानाचं दार, मग पिवळ्या कपड्यातली एक मुलगी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोघं जण. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नाही. मग ती गरगरायला लागली, आणि चित्र तिच्याखाली गेलं, तिच्याकडे वर तोंड करून.

रोहिणीने बोट ठेवून चित्र थांबवलं. "इथे. इथे त्याने निघायला हवं होतं."

"फुडं?"

रोहिणीने बोट उचललं. मुलगी गरगरत होती, रोहिणी तिच्यापर्यंत पोचत नव्हती. चित्र हललं नाही. ती मुलगी डावीकडे गेली तर चित्र डावीकडे गेलं, उजवीकडे गेली तर उजवीकडे. मग रोहिणीचा हात तिच्या पाठीवर पोचला, काहीतरी ओढलं गेलं, आणि मोठं निळं कापड फुलून वर गेलं. ते पुरतं फुलेपर्यंत चित्र तिथेच होतं. मग पहिल्यांदाच ते वळलं. खाली शेतं दिसली, फार जवळ. रोहिणीने टॅब पालथा घातला.

"आमच्यातले काही म्हणतात, फोटोच्या मोहाने थांबला," ती म्हणाली. "असं होतं, चांगला फोटो मिळतोय म्हटल्यावर माणूस उंची विसरतो. पण मी दुसरा कॅमेरा पण बघितला, दातांच्या बटणाचा. ती गरगरायला लागल्यापासून त्याने एकही फोटो काढलेला नाही. फोटो काढायचे नव्हते, मदत करता येत नव्हती, मग तो थांबला कशाला, तेच मला कळत नाही."

हौसा उठली. कोपऱ्यात एक बांबूची काठी उभी होती, टोकाला काळी पडलेली. तिने ती आणली नाही, नुसती तिच्याकडे बोट करून परत बसली.

"आम्ही मिठागरात जायचो ना बाय, तर ओहोटीला खाडी मधूनच चालून जायचो. फिरून गेलं तर लांब पडतं. एकीमागे एक. फुडची बाई काठीने चिखल बघत जाते. मी फुडं असायची. चिखलाचं काय असतं, पाय अडकला की माणूस घाबरतो, आणि घाबरून हालला की आणखी खाली जातो. मग फुडची बाई पलीकडे पोचली की वर चढत नाय. तिथंच वळते आणि तोंड करून उभी राहते. शेवटचा माणूस काठाला लागेपर्यंत. मागच्याला हात देता येत नाय, लांब असतो तो. पण त्याला आपलं तोंड दिसलं पायजे. पाठ दिसली की तो खचतो."

रोहिणीचे हात थांबले होते.

"आदेश लहान होता तवा शेवटी असायचा. रडत यायचा. मी तिथं उभी. भरती लागली, पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, तरी उभी. मोठा झाल्यावर काठी त्यानं घेतली. मग तो उभा राहायचा, आणि मी मागनं यायची. म्हातारी झाली तशी मी सावकाश चालायची, तर हसायचा मला. पण पाठ नाय केली कधी."

 सरूच्या अंगणात कोंबड्या कलकलत होत्या.

"आभाळात तसं चालत नाही, मावशी," रोहिणी शेवटी अगदी हळू म्हणाली. "तिथे थांबता येत नाही कुणाला. तोही पडतच असतो."

"कळलं मला. म्हणून तर तो गेला. तुमचं बरोबर हाय, त्यानं निघायला पायजे होतं." हौसाने हेल्मेट परत मांडीवर घेतलं. आतून अस्तरावर अंगठा फिरवत राहिली. "पोरांना शिकवा. कुणाची आई अशी बसायला नको."

"मग दाखवू?"

"दाखव. चुकला म्हणून पण सांग. कुठं निघायचं ते थांबवून सांग, माझी ना नाय." तिने समोरची परात रोहिणीकडे जरा सरकवली. उरलेले वाल सोलून व्हायचे होते. "पण सांगून झालं की तिथंच बंद करू नको गो. परत चालू कर, आणि त्या पोरीची छत्री उघडेपर्यंत चालू ठेव."