टक्केताईंची एक ओळ

आमच्या पाणीपुरवठा कचेरीत त्यांना सगळे टक्केताई म्हणतात. हिशेबाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्या फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहितात. त्या भाषेत टाकीची झडप किंवा टाकीची पातळी असं काही मागायचं तर मध्ये टक्क्याचं चिन्ह घालावं लागतं, आणि ताई ते बोलतानाही घालतात. "नवरा टक्के डबा, आज घरीच राहिला," असं एकदा म्हणाल्या, तेव्हा शिपायाने हात जोडले.

ताईंना पाल्हाळ खपत नाही. दुपारी टाक्यांत पाणी सोडणाऱ्या झडपा बंद करायला जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक टाकीपाशी थांबत, विचारपूस करत जाणारा लांबलचक लूप होता. ताईंनी तो पुसून एकच ओळ लिहिली:

taki(:)%zadap = 0

सगळ्या टाक्या, त्यांची फक्त झडप, बंद! दिवसभर बाई लेकीचं लग्न ठरल्यासारख्या हसतमुख.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरची वस्ती कोरडी पडली. तिथली टाकी सावकाश भरते, म्हणून तिची झडप कधीच बंद करायची नाही, हा अपवाद त्या पुसलेल्या लूपमध्ये होता. प्रोग्रॅमने छापलेला कागद बघून झडपवाल्या मामांनी ती इमानेइतबारे बंद केली होती. साहेबांनी मामांनाच घरी बसवायचं ठरवलं.

"संगणक चुकत नाही, मामा!"

मामा खाली मान घालून उभे. ताई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. ती ओळ वाचणारं कचेरीत दुसरं होतं कोण?

"साहेब, चुकले मी. मामांनी माझंच ऐकलं."

साहेबांनी तो कागद पुढे ओढला. "मग आता?"

"ओळीला अट घालते. जिची झडप उघडी ठेवायची ती टाकी सोडून बाकीच्या बंद."

"आणि टेकडीवरच्या लोकांना तोंड कोण देणार?"

मामांनी स्कूटर काढली. ताई मागे बसल्या.

टाकीखालच्या नळापाशी रिकाम्या बादल्या घेऊन अख्खी टेकडी जमली होती. एका आजींनी मामांना गाठलं. "या! झोप झाली का?"

"आजी, त्यांना नका बोलू," ताई पुढे झाल्या. "माझ्या एका ओळीने झाला हा घोटाळा."

आजींनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "एका ओळीने? अगं, मग पानभर लिहायचं होतंस! शाई संपली होती?"

मामांनी झडपेचं चाक फिरवलं, पाइप गुरगुरला, आणि आजींनी आपली बादली ताईंच्या हातात कोंबली.

"उभीच आहेस ना? भर."