हिच्याऐवजी मी येते

असे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. सिंगापूरच्या हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत पंधरा वर्षं कागद तपासतेय; पुरावा नसेल तर माझ्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते. तरी हे लिहितेय... कारण पुरावा मागायला कुणाकडे जायचं, तेच कळत नाही.

२००६ मध्ये माझी मोठी बहीण सुमाताई पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला आली होती. तिला घेऊन मी पाच दिवसांच्या टूरवर चीनमध्ये शिआनला गेले. तिथे शहराबाहेर एका राजकन्येची तेराशे वर्षांपूर्वीची कबर आहे. लांब उतारावरून जमिनीखाली जायचं. दोन्ही भिंतींवर रंगवलेल्या दासी, हात लांब बाह्यांत लपवलेले. एकीचा चेहरा मात्र बघणाऱ्याकडे वळलेला.

ग्रुप वर गेला, गाइडही गेला. मी निघाले आणि सवयीने बोलून गेले, "येते हं."

ताई थबकली. "अगं, कुणाला येते म्हणतेस? इथे तरी 'जाते' म्हण!"

"तूच ना चिमटे काढून शिकवलंस, जाते म्हणायचं नाही म्हणून?"

ताई हसली. त्या वळलेल्या चेहऱ्याला हात जोडून म्हणाली, "हिला ऑफिस आहे हो. हिच्याऐवजी मी येते."

"ये."

एकच शब्द. बाईचा आवाज, अगदी शांत. मला वाटलं, ताई चेष्टा करतेय. तिला वाटलं, मी. वर उन्हात आल्यावर दोघींनी एकमेकींना विचारलं — आणि विषय बंद केला.

तीन आठवड्यांनी, सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, सकाळी अकराला मी भाजी चिरत होते. हॉलमधून ताईचा आवाज आला, "येते गं."

"कुठे? थांब, ट्रेनचं कार्ड देते..."

बाहेर आले. ताई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, पायात चपला. सिंगापूरच्या त्या उकाड्यात अंगावर शाल, दोन्ही हात शालीत गुंडाळलेले. श्वास नव्हता. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. ताईला बीपीसुद्धा नव्हतं.

महिन्याभराने ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या चिनी सहकारी बाईला विचारलं, तुमच्या भाषेत 'ये' असा काही शब्द आहे का? मला साधं उत्तर हवं होतं — कुणी चिनी बाई मागे राहिली असेल, आपापसात बोलली असेल.

"सूर कसा? आमच्यात सुरावर अर्थ बदलतो."

मी जमेल तसा म्हणून दाखवला.

"ओह, दॅट वन! 'ऑल्सो' लाह. यू ऑल्सो, मी ऑल्सो..." ती खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

म्हणजे 'सुद्धा'. हायसं वाटलं मला. मग घरी जाताना ट्रेनमध्ये बसल्यावर ताईचं वाक्य आठवलं. हिच्याऐवजी मी येते, म्हणाली होती ती. आणि उत्तर मिळालं होतं — तूसुद्धा. ऐवजी नव्हे.

मराठीतलं 'ये' की चिनी, ते आजही मला माहीत नाही. घरातून निघताना आता मी 'येते' म्हणत नाही, 'जाते'ही नाही. नुसतं दार ओढून घेते.