आप्पांच्या ओट्याखालचं पेव

मी विनोदच्या छातीवर बसले होते आणि माझ्या टोळीतल्या मंगलनं त्याचे दोन्ही पाय आवळून धरले होते. आमच्यापासून चार पावलांवर जमिनीला भोक पडलं होतं. त्या भोकातून त्याचा धाकटा भाऊ संतोष ओरडत होता, "दादा, पाय मोडलाय रं माझा. वर घे मला."

"मावशी, उठा. उठा म्हणतो ना! न्हाईतर हात उचलीन."

"उचल," मी म्हणाले. "पण खाली जायचं न्हाई."

त्यानं खरंच हात उचलला. माझा चष्मा गटारीत गेला. मी उठले नाही. माझं वजन भरपूर आहे. त्या दिवशी ते कामाला आलं.

हे शिरूरच्या जुन्या पेठेत घडलं. मी मुकादम आहे. मुकादम म्हणजे ठेकेदाराला मजूर आणून देणारा, त्यांच्याकडून काम करून घेणारा, आणि काही झालं तर ज्याच्या नावानं सगळे ओरडतात तो माणूस. बाई मुकादम कमी असतात. माझा नवरा मुकादम होता, तो गेल्यावर टोळी फुटू नये म्हणून मी उभी राहिले आणि मग बसायची वेळच आली नाही.

पेठेचं काम मोठं होतं. पूर्वी तिथं ओळीनं धान्याची दुकानं होती. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या नदीपर्यंत लागायच्या. मग मार्केट यार्ड झालं, व्यापार तिकडं गेला. कंपन्यांतली पगारदार माणसं खरेदीला हायवेच्या बाजूला जायला लागली. पेठेत उरली मोबाईलची, चपलांची आणि तयार कपड्यांची दुकानं, आणि मधून मधून एखादं बंद दार. म्हणून रस्ता रुंद करायचा, गटार जमिनीखालून न्यायची, वर ब्लॉक बसवायचे, दिवे लावायचे, बाकडी ठेवायची, असं ठरलं. पेठ पुन्हा चालू होईल म्हणत होते. ज्यांचे ओटे लांब राहत होते त्यांना हे पटलं होतं. ज्यांचे ओटे फुटणार होते त्यांना नव्हतं.

बबनआप्पांचा ओटा फुटणार होता. दगडी, रुंद, घोटून गुळगुळीत झालेला ओटा. लहानपणी मी आईबरोबर तिथं धान्य निवडायला जायचे. आम्ही खाली रस्त्यावर बसायचो. ओट्यावर बसायची आमच्या वस्तीला मुभा नव्हती. आता त्याच ओट्यावर पहार घालायला मी माणसं नेत होते. मला त्याचं सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं. काम होतं.

जुन्या पेठेत खोदताना एक भीती असते, पेवाची. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोली. तोंड माणूस कसाबसा जाईल एवढंच, आणि आत रांजणासारखं पोट. तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायचे. पेव रिकामं केलं तरी तळाला दाणे राहतात. ते सडतात आणि आतली हवा मरते. त्या हवेला रंग नसतो. माणूस उतरतो आणि झोपल्यासारखा पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. आमच्या लहानपणी पेव उघडलं की आधी उघडंच सोडायचे, मग दिवा सोडून बघायचे आणि मगच हमाल उतरायचा.

म्हणून मी आदल्या दिवशी आप्पांना विचारलं होतं. आमचे जगताप साहेबही बरोबर होते. साहेब म्हणजे ठेकेदाराकडचे इंजिनियर, तरुण, मोजकं बोलणारे.

"आप्पा, ओट्याखाली पेव हाय का?"

"पेव कुठलं गं? समदा भराव हाय. बिनघोर फोड."

"नक्की?"

"आमच्या घरात माझ्यापरीस जास्त तुला ठावं हाय व्हय?"

साहेबांनीही विचारलं. त्यांनाही तेच उत्तर. घर त्यांचं होतं.

त्या सकाळी कामावर आलो तर गल्ली बंद. विरोधातल्या दुकानदारांनी तोंडालाच टेम्पो आडवा लावला होता आणि मागं मोटारसायकली, एकीला एक चिकटून. गाड्यांना कुलपं लावून सगळे निवेदन द्यायला नगरपरिषदेत गेले होते. जेसीबी बाहेर अडकला. कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टरही बाहेर. त्या ट्रॅक्टरवर हवेची टाकी असते, तिच्या जोरावर काँक्रीट फोडायचं ब्रेकर चालतं.

साहेब म्हणाले, "मावशी, हातानं जेवढं होईल तेवढं करा. मी त्यांना फोन लावतो."

म्हणून आम्ही घण आणि पहारी घेतल्या. दोघं भाऊ ओट्यावर चढले. दोघंही दौंड तालुक्यातले, भांडगावचे, कारेगावात खोली करून राहायचे. कंपनीत ब्रेक मिळाला की माझ्याकडं यायचे. ब्रेक म्हणजे कंत्राटी कामगाराला मधेच घरी बसवतात, ते. विनोद तापट, संतोष हसरा. संतोष घण मारता मारता म्हणत होता, "दादा, ह्या ओट्यावर तुझी वरात थांबवू." विनोदचं लग्न ठरत नव्हतं, म्हणून ही चेष्टा.

पुढचा घण बसला आणि ओट्याचा मधला भाग खाली गेला. दगड, फरशी, माती आणि संतोष, सगळं एकदम. आधी धूळ वर आली आणि तिच्या मागून आंबूस, कुजका वास. तो वास आल्याबरोबर मी विनोदला आडवा केला. तो पहार टाकून भोकाकडं निघालाच होता.

आता मी त्याच्यावर बसलेली, आणि संतोष खालून बोलत होता. साहेब पळत आले. त्यांनी भोकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "पेव हाय. कुणाला उतरू देऊ नका." त्यांनी विचारत वेळ घालवला नाही. अग्निशमनला फोन लावला, ॲम्ब्युलन्सला लावला. एमआयडीसीकडून मास्कवाली माणसं निघाली होती, पण नगर रोडवर ट्रॅफिक होतं.

मंगल म्हणाली, "दोर टाका की. तो बांधून घेईल."

साहेबांनी दोर सोडला. मी ओरडले, "संतोष, दोर काखेतनं घे आन् गाठ मार."

"घावला दोर," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.

"बांधला का रं?"

"मावशी, हात... हात ऐकंना."

त्याचं बोलणं जड झालं होतं, दारू प्यायल्यासारखं. साहेबांनी दोर हलकेच ओढून बघितला. मोकळाच वर आला.

विनोद आता शिव्या देत नव्हता. विनवण्या करत होता. "मावशी, मी श्वास धरून जातो. पटदिशी बांधतो आन् येतो. पाया पडतो तुमच्या."

बबनआप्पा दारात उभे होते. चेहरा पांढरा पडलेला. मी त्यांना म्हणाले, "आप्पा, मेणबत्ती आन् बादली आणा."

ते घेऊन आले. साहेबांनी बादलीत मेणबत्ती पेटवून ठेवली आणि दोरानं खाली सोडली. अर्ध्यात गेली नसेल तोच विझली. वर काढली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच विझली.

"बघितलंस?" मी विनोदला म्हणाले. "तू बी असाच इझणार."

"मंग त्यो?"

खालून आता नुसतं कण्हणं येत होतं.

साहेब म्हणाले, "कॉम्प्रेसरची हवा सोडली तर? ब्रेकर काढून टाकू, नुसता पाईप खाली सोडू. ताजी हवा आत जाईल, मेलेली वर येईल."

"पाईप पुरंल का?"

"तिथून नाही. ट्रॅक्टर आत यायला पाहिजे."

आत यायला टेम्पो आडवा. साहेब जेसीबीच्या रामसेवककडं धावले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"टेम्पो ढकल."

"साहब, नुकसान हो जाएगा. किसका है?"

"माझा हाय!" आप्पा ओट्याच्या उरलेल्या दगडांवरून खाली उतरले. धोतर सावरत गल्लीच्या तोंडाकडं पळाले. त्या वयात त्यांना पळताना मी पहिल्यांदा बघितलं. "चावी पोराकडं हाय, आन् पोरगा तिकडं निवेदन देतोय. ढकल तू."

"मालिक, दरवाजा टूटेगा."

"तुटू दे म्हणतो ना!"

रामसेवकनं बकेट लावली आणि टेम्पो पत्र्यासकट भिंतीला नेऊन भिडवला. मग मोटारसायकली. कुलूप लावलेली गाडी ढकलता येत नाही, उचलावी लागते. माझी माणसं, चपलांच्या दुकानातली पोरं, कपड्यांच्या दुकानातल्या दोन मुली, ज्याच्या हाताला जी लागली ती त्यानं उचलून बाजूला टाकली. एकमेकांवर ढीग. आरसे फुटले, पेट्रोल सांडलं. तरी कुणी थांबलं नाही.

खालचं कण्हणं थांबलं.

विनोदनंही ते ऐकलं. त्यानं अंग एकदम सैल सोडलं. मला वाटलं आता शांत झाला. तेवढ्यात त्यानं हिसका दिला आणि मी कोपरावर पडले. भोकाच्या कडेपर्यंत पोचला तो. मंगलनं त्याचा पाय सोडला नव्हता, ती फरफटत मागं गेली. मी त्याचे केस धरले आणि तोंडात मारली. एक नाही, बऱ्याच. बाकीच्या गड्यांनी येऊन त्याला विजेच्या खांबाशी नेला आणि पेवात सोडायला आणलेल्या त्याच दोरानं बांधला.

ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं ब्रेकर काढला, पाईप आत सोडला, हवा चालू केली. केवढा आवाज. पेवातून धूळ, भुसा आणि तो घाण वास वर आला. सगळ्यांनी तोंडाला पदर आणि रुमाल लावले. आम्ही पुन्हा मेणबत्ती सोडली. वाऱ्यानं विझली. हवा बंद केली, पुन्हा सोडली. ह्या वेळी अर्ध्याच्या खाली गेली आणि जळत राहिली. उजेडात संतोष दिसला. पडलेल्या दगडांच्या ढिगावर होता तो, तळाला नव्हता. मान एका बाजूला.

आता उतरायचं कुणी? मास्कवाले अजून रस्त्यातच होते. तोंड अरुंद. विनोद खांबापासून ओरडत होता, "मला सोडा! आता तर हवा हाय!"

"तू न्हाई," मी म्हणाले. रडणारा माणूस गाठ नीट मारत नाही.

मंगल पदर खोचत म्हणाली, "मी जाते." ती दौंडकडची, विहिरींच्या कामावर वाढलेली. अंगानं काडी. तिच्या काखेतून आम्ही दुसरा दोर घेतला, संतोषला बांधायला बादलीचा दोर तिच्या हातात दिला, वर धरायला चार माणसं.

"श्वास जड वाटला की दोर हलव. बोलत बसू नको."

"मावशी, माझ्या पोरीला सांगा, दूध तापवायचं राह्यलंय. नासलं तर मलाच बोलती."

"जा गप."

साहेबांनी हवा पुन्हा चालू केली. ती आत गेली. आवाजामुळं काही ऐकू येत नव्हतं, नुसता दोर बघत होतो. दोर सैल, मग ताठ, मग सैल. मला तेव्हा काही देवबिव आठवले नाहीत. मी फक्त मोजत होते की दोर धरणाऱ्यांपैकी कुणाचे हात थरथरतात. एकाचे थरथरत होते, त्याला बाजूला केला आणि तिथं मी लागले.

दोर हलला. आम्ही ओढलं. आधी संतोष आला, दोन्ही काखांतून बांधलेला, ओठ निळे, पाय भलतीकडं वळलेला. मागून मंगल आली आणि रस्त्यावर ओकली. साहेबांनी संतोषला आडवा करून छाती दाबायला सुरुवात केली. त्यांना कुठंतरी ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. दाबत होते, थांबत होते, तोंडानं हवा देत होते. गल्लीत एवढी माणसं होती, पण कॉम्प्रेसर बंद केल्यावर साहेबांच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. मग संतोष खोकला.

मास्कवाले आले तेव्हा त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते. त्यांचा प्रमुख मला म्हणाला, "बाई, तुम्ही माणूस उतरवायला नको होता. दुसरा जीव गेला असता." त्याचं बरोबर होतं. मी तसं म्हणालेही.

आप्पा दोन दिवसांनी माझ्या घरी आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"आत या की," मी म्हणाले.

ते आले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "पेव आज्यानं सरकारी रस्त्यात खणलं व्हतं. ओटा मागनं त्याच्यावर बांधला. पेव हाय म्हटलं असतं, तर ओटा बी रस्त्यातच हाय असं झालं असतं. मंग फुटलेल्या ओट्याची भरपाई कशाची मिळती?"

"मला ठावं हाय," मी म्हणाले.

"पोरगा वाचला ना?"

"वाचला."

त्यांना आणखी काही ऐकायचं होतं. माझ्याकडं ते नव्हतं.

आता पेठेत ब्लॉक बसलेत. पेव मुरूम टाकून भरलं, वर बाकडं आलं. संध्याकाळी कंपनीतली पोरंपोरी तिथं बसून आईस्क्रीम खातात. गर्दी असते. धंदा वाढला म्हणतात, भाडी तर नक्कीच वाढली. कपड्याचं जुनं दुकान जाऊन तिथं केक विकतात. मी अजून कामं घेते. एवढं शिकले की ओट्याखाली काय आहे हे मालकाला विचारू नये, त्याच्याशी भांडण असलेल्या शेजाऱ्याला विचारावं. तो खरं सांगतो आणि चहाही देतो.

विनोद दवाखान्यातून माझ्या घरी एकदाच आला, भावाची राहिलेली चप्पल न्यायला. दारातूनच म्हणाला, "मावशी, एक इचारू? हवा आलीच नसती तर? मला सोडलं असतं का खाली?"

"न्हाई."

"म्हंजी त्याला मरू दिलं असतं."

"व्हय," मी म्हणाले.

तो गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बाजारात दिसले तर रस्ता बदलतो. संतोषच्या पायात रॉड आहे, थोडा लंगडतो. संतोष जगला. मंगल जगली. विनोदही जगला.