गिसबर्टची जीभ आणि पिवळ्या सुया

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगराळ मुलखात दगड चाटणाऱ्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही. म्हणजे म्हणतात, पण प्रेमानं. गिसबर्ट तर पेशानं खाटीक. त्याच्या दुकानातलं लिव्हरचं सॉसेज गावात नावाजलेलं, कारण मसाला कालवला की तो आधी बोट चाटून बघायचा. पुढं दुकान मुलीच्या हवाली केलं, पण सवय कुठं जाते? ती दगडांवर गेली. धुळीनं माखलेला दगड ओला केला की आतले स्फटिक चमकतात, म्हणून खाणीत सगळेच जरा थुंकी लावतात. गिसबर्ट मात्र सरळ जीभ फिरवायचा, आणि तीही अगदी मन लावून.

"सकाळी त्याच जिभेनं अर्धी खाण चाटून आलास," त्याची बायको वालबुर्गा सूप वाढताना म्हणायची, "आणि वर मलाच सांगतोस, मीठ कमी पडलंय."

दर शनिवारी खाणीतली यंत्रं थांबली, की रखवालदार फाटक उघडायचा आणि हेल्मेट, नारिंगी जॅकेट घातलेली आमच्या खनिजप्रेमी मंडळाची म्हातारी माणसं हातोडे घेऊन आत घुसायची. फुकटच्या बिअरलासुद्धा कुणी इतकं पळत नाही. दिवसभर दगड फोडून कंबर मोडून घ्यायची आणि घरी आणायचं काय, तर डोळ्यांना धड न दिसणारा खनिजाचा कण! सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो सुंदर, हे कबूल. पण ते ज्याचं त्यालाच कळतं. त्याच्या बायकोला विचारायला जाऊ नये.

मंडळाची बैठक खानावळीच्या मागच्या खोलीत भरायची. तिथं भिंतीवर एक फळा होता. आमच्या खाणीत एखादं खनिज पहिल्यांदा सापडलं, की शोधणाऱ्याचं नाव त्यावर चढायचं. त्यावर ऑटमारचं नाव जागोजागी. हा ऑटमार निवृत्त दंतवैद्य, दगडातला कणसुद्धा दाढ उपटावी तसा अलगद काढणारा. गिसबर्टचं नाव मात्र एकदाही नाही. हसून सोडून द्यायचा बिचारा, पण आतून त्याला ते फार लागायचं. मरायच्या आधी एकदा तरी त्या फळ्यावर चढायचंच, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

आणि ऑक्टोबरात घबाड लागलं. खाणीच्या टोकाला एका कपारीत, जिथं पाऊस कधी पोचत नाही, तिथं त्यानं एक दगड फोडला. तोंडात नेमका पावाचा घास होता, म्हणून दगड चाटायचा राहिला. घरी येऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतो तर काय, केसाहून बारीक पिवळ्याजर्द सुयांचा झुपका. असलं काही आमच्या खाणीत कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं लगेच ऑटमारला बोलावलं, सुया दाखवल्या, आणि भोळा असा, की कपारीची जागाही सांगून टाकली.

ऑटमार बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "प्लास्टर आहे रे. कुठून तरी पडलं असेल." आणि बिअर तशीच टाकून निघून गेला.

"ऑटमारनं बिअर टाकली?" वालबुर्गा म्हणाली. "मग ते प्लास्टर नाही."

बैठकीच्या दिवशी गिसबर्टनं इस्त्रीचा शर्ट घातला. मंडळाच्या अध्यक्ष इर्मगार्डबाई, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, चष्मा पुसून बसल्या. "दाखव बघू, नेमकं कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

खिशातून येताना दगडावर धूळ बसली होती. "हे बघा, इथं," असं म्हणत गिसबर्टनं दगड उचलला आणि सवयीनं, अगदी नकळत, त्यावर जीभ फिरवली.

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. फिरवून फिरवून पाहिलं. "विरघळलं," त्या म्हणाल्या. "पाण्यात विरघळणारं होतं. गिसबर्ट, चव कशी लागली?"

"आधी खारट," तो पुटपुटला. "मग कडू. मागून जराशी मोहरीसारखी."

खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "चवीवर नाव चढत नाही," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणं दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं लागतं. कुणी पाहिलंय?"

गिसबर्टनं वर बघितलंच नाही. ऑटमारनं आता नुसतं गप्प बसायचा अवकाश, शनिवारी कपारीतला उरलेला माल त्याचा आणि फळ्यावरची जागाही त्याचीच. एवढ्या वर्षांत एकदा हाताला लागलं आणि तेही आपणच गिळून बसलो, या विचारानं म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"मी पाहिलं," ऑटमार म्हणाला.

"अरे, तू तर प्लास्टर म्हणाला होतास," गिसबर्ट चाचरत म्हणाला.

"जळलो मी. गुपचूप जाऊन आणणार होतो." ऑटमारचा चेहरा लालबुंद झाला होता. "पिवळ्या सुया होत्या, बाई. इतकं देखणं मी जन्मात पाहिलं नाही. याला सापडल्यात त्या."

बाईंनी फळ्यावर खडूनं गिसबर्टचं नाव लिहिलं. कपारीतून नवा नमुना आणून तपासला की रंगानं पक्कं करू, म्हणाल्या. त्या रात्री वालबुर्गानं त्याला पोटात दुखतंय का, म्हणून दहादा विचारलं. पोट ठणठणीत होतं. झोप तेवढी लागत नव्हती, आनंदानं.

शनिवारी दोघं मिळून कपारीपाशी गेले. "तू तिकडं लांब उभा राहा," ऑटमारनं दटावलं, "आणि तोंड मिटून ठेव." गिसबर्ट गुमान लांब उभा राहिला. ऑटमारनं सुयांचा झुपका अलगद सुटा केला, डबीत ठेवला आणि डबीवर स्वतःच्या हातानं गिसबर्टचं नाव लिहिलं. डबी मात्र त्याच्या हातात दिली नाही.