कॉलेजचं स्थळ बघणाऱ्या वन्सं

आमच्या मोठ्या वन्संना उद्या देवाने स्वर्गात जागा देऊ केली, तरी त्या आधी जाऊन तिथल्या जिन्याला कठडा आहे की नाही ते बघून येतील. संडास कुठे, त्याचं दार आत उघडतं की बाहेर, पाणी किती लांब, हेही विचारतील, आणि उत्तर पटलं नाही तर देवाला चार शब्द सुनावून परत येतील. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. विरारला चुलतदिरांच्या मुलाचं लग्न होतं, तेव्हा अक्षता पडेपर्यंत वन्सं मांडवात नव्हत्या. हॉलच्या मॅनेजरला संडासाच्या दाराशी उभं करून त्या विचारत होत्या, "ह्या उंबऱ्यावरून कुबडीवाला माणूस आत कसा जाणार? तुम्हीच जाऊन दाखवा." आम्ही तुळिंजला नवा ब्लॉक घेतला, तेव्हाही लोकांनी हवा-उजेडाचं कौतुक केलं आणि वन्सं खालीच उभ्या राहून म्हणाल्या, "घर छान असेल गं, पण त्यात यायचं कोणी? नुसते धडधाकटच ना?"

वन्सं वसईच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहत. त्यांच्या शाळेत न दिसणारी, ऐकू न येणारी, पोलिओ झालेली अशी बरीच मुलं होती आणि ती सगळी बाईंना घाबरून असत, कारण लंगडेपणाच्या सबबीवर गृहपाठ माफ करणाऱ्यातल्या बाई त्या नव्हत्या. शाळेत त्या मुलांचं बरं चाले. शिपाई ओळखीचा, मैत्रिणी जुन्या, वर्ग तळमजल्यावर. खरी गोची दहावीनंतर. निकाल लागला की गावात सत्कार व्हायचा, शाल आणि नारळ मिळायचा, आणि पोर घरी बसायचं ते बसायचंच. "सत्कार कसला, नारळच देतात ते," असं वन्सं म्हणत. मग त्यांनी स्वतःची एक रीत काढली. शाळा हे माहेर आणि कॉलेज हे सासर. मूल तिकडे धाडायचं तर आधी घर बघायला जायचं, आणि तेही रीतसर, चार माणसं घेऊन.

त्या चार माणसांत दर वर्षी मी असे. मला ठेवणीतली साडी नेसावी लागे, आमच्या ह्यांना इस्त्रीचा शर्ट. वन्संच्या हातात पेढ्यांचा पुडा आणि एक लांब दांड्याची छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, तिने त्या दाराची रुंदी आणि पायरीची उंची मापत. त्यांच्या शाळेतल्या, जूचंद्र गावच्या सुगंधासाठी आम्ही वसईच्या एका कॉलेजात असेच गेलो. सुगंधाला लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या, आणि हिशेबात डोकं असं की मापं टाकणाऱ्या वाण्याने तिला वचकून असावं. तिला कॉमर्सला जायचं होतं. तिचे बाबा रिक्षा चालवत. तेही आमच्याबरोबर आले होते, पण घरी तिने टेलिफोन बूथ सांभाळावा हा विचार त्यांनी पक्का केला होता.

ऑफिसात शिरताच वन्संनी पेढे पुढे केले. "मुलगी आमची फार गुणी आहे. म्हटलं आधी घर बघून घ्यावं, मग पुढचं बोलू." क्लार्कने आमच्या साड्या पाहिल्या, पेढे पाहिले आणि काय समजायचं ते समजून तो आत पळाला. थोड्या वेळाने अर्थशास्त्राचे एक अविवाहित सर ताजा भांग पाडून, रुमालाने मान पुसत समोर येऊन बसले. वन्संनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे संडास कुठल्या मजल्यावर आहे?" बिचारे इतके गोंधळले की त्यांनी उठून आम्हाला अख्खं कॉलेज दाखवलं. खरा प्रकार कळला तेव्हा कानापर्यंत लाल झाले, पण माणूस मनाचा चांगला. शेवटी प्रिन्सिपॉलकडे तेच आम्हाला घेऊन गेले.

अडचण एकच, पण मोठी होती. अकरावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. प्रिन्सिपॉल फार मायेने म्हणाले, "तिला रोज यायची गरजच नाही. हजेरीचं मी बघतो, नोट्स घरी पाठवू. परीक्षेला आली की झालं."

सुगंधाचे बाबा हात जोडून उभे राहिले. "सर, देवमानूस तुमी. पोरीचा तरास वाचला."

सुगंधा मान खाली घालून कुबडीचं रबर नखाने कुरतडत होती. वन्संनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लग्न लावायचं आणि मुलगी माहेरीच ठेवायची? सर, तिला पुस्तकं घरीही मिळतात. इथे वर्ग मिळतो, मैत्रिणी मिळतात, भांडायला माणसं मिळतात. ती घरी बसून कोणाशी भांडणार?"

"पण बाई, तळमजल्यावर खोलीच नाही. एक आहे, तिथे मुलं कॅरम खेळतात."

"मग कॅरमला चढवा वर. त्याला कुबड्या लागत नाहीत."

मग ते अर्थशास्त्राचे सर खाकरले आणि म्हणाले, "सर, माझा तास मी खाली घ्यायला तयार आहे." एक तास खाली आल्यावर बाकीचे वर कशाला राहतात? जून संपायच्या आत अकरावीचा तो अख्खा वर्ग खाली आला.

इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पण सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठराखीण जाते, तीही रीत वन्संनी पाळली. शाळेत रजा टाकून पहिल्या दिवसापासून त्या सुगंधाच्या शेजारी बाकावर. दारात घोळका दिसला की "सरका रे!", मधल्या सुट्टीत डबा, सरांनी प्रश्न विचारला की तिला कोपरखळी. एकदा तर शिकवताना सरांनी वापरलेला एक शब्द त्यांनी बसल्या जागेवरून सुधारला. सुगंधाचा तास सुटला की मी दोघींना घ्यायला फाटकाशी जाई, आणि वन्सं रोज विजयी सेनापतीच्या थाटात बाहेर येत.

आठवडा सरत आला, तेव्हा फाटकाशी सुगंधा थांबली. "बाई, उद्यापासून तुमी नका येऊ."

"का गं? कोणी काही बोललं? नाव सांग."

"नाय बाई, कोनी नाय बोललं." ती रडायच्या बेताला आली होती, पण थांबली नाही. "तुमी बाजूला बसता, मंग माज्या बाजूला दुसरं कोनी बसत नाय."

वन्संनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि "बरं" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सवयीने साडी नेसून तयार झाल्या, आणि मग तशाच खुर्चीत बसून राहिल्या. दुपारी मला म्हणाल्या, "अगं, जा, लांबून बघून ये. तिला दिसू नकोस."

मी रस्त्यापलीकडून पाहिलं. सुगंधा बाहेर आली ती दोन मुलींच्या मधून. एकीने तिची बॅग घेतली होती आणि तिघींचं कशावरून तरी कडाक्याचं भांडण चाललं होतं. मी घरी येऊन तसंच सांगितलं.

"भांडत होती?" वन्संनी दोनदा विचारलं. "जोरात?"

"अगदी हातवारे करून."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेले नाही. डोळे पुसत म्हणाल्या, "मग झालं. आता माझं तिथे काही काम नाही." स्वतःची गरज संपल्याची बातमी एवढ्या अभिमानाने सांगणारं माणूस माझ्या सासरचं आहे, ह्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

पुढे वर्षं गेली. सुगंधाचं बी.कॉम. तिथेच झालं. तेवढी सगळी वर्षं, रिक्षाने त्या बाजूला जायचं असलं की वन्सं रिक्षावाल्याला कॉलेजच्या मागच्या रस्त्याने, वळसा घालून न्यायला लावत. रिक्षावाले कुरकुरत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पोरीने पाहिलं तर तिला वाटेल, बाई लक्ष ठेवायला आल्या." आणि रिक्षा मागच्या रस्त्याला लागली, की कुंपणाच्या भिंतीपलीकडे काही दिसत नसतानाही त्या मान वाकडी करून तिकडे बघत राहायच्या.