तीन नंबरचं बेअरिंग

मी लिहायला बसलो, याची आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या गल्लीतले निम्मे फॉर्म माझ्याच हातचे असतात. माझं मराठीही पक्कं नाही. आईबाबा मराठीत बोलतात, मी हिंदीत उत्तर देतो, असंच लहानपणापासून चालत आलं आहे. लिहायचं मराठी मी इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातल्या पुस्तकांवरून शिकलो. चुका असतील. पण हे हिंदीत लिहावंसं वाटलं नाही.

माझे बाबा भनपुरीकडच्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर आहेत. तापून लाल झालेलं लोखंड रोलांच्या जोड्यांमधून धावतं आणि दुसऱ्या टोकाला सळ्या होऊन बाहेर पडतं. रोल फिरवणारे गिअरबॉक्स आणि त्यांची बेअरिंगं सांभाळणं हे बाबांचं काम. ते लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवतात, मूठ कानामागच्या हाडावर धरतात आणि डोळे मिटतात. आतलं बेअरिंग किती दिवस चालेल, हे त्यांना त्यावरून कळतं. हे मला आईने सांगितलेलं. मी मिल आतून कधी पाहिली नव्हती. एकदा हट्ट केला तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू काहून येतं तिकडं? तू पुस्तक वाच."

शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी एक प्रकल्प आणला. मिलमधल्या यंत्रांवर कंपन मोजणारे सेन्सर बसवायचे. सेन्सर आपलं मोजमाप भिंतीवरच्या एका डब्याला कळवणार, कंपन वाढलं की डबा तेलाच्या पंपाला चालू व्हायला सांगणार. मध्ये माणूस नाही. जागा एकाच विद्यार्थ्याला होती. सरांनी मिलचं नाव सांगितलं आणि विचारलं, "वहाँ किसी की पहचान है?"

ती बाबांची मिल होती. मी हात वर केला नाही.

प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी फक्त 'नोकरी' असं लिहिलं होतं. वर्गातल्या कोणाला माहीत नव्हतं. मी वहीत रेघा ओढत राहिलो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पहचान नहीं है, पर मैं जाऊँगी।" तिचे वडील नवा रायपुरात मोठ्या हुद्द्यावर आहेत, घर पुण्याकडचं, मराठी स्वच्छ. जागा तिला मिळाली.

त्या आठवड्यात बाबा पहिल्या पाळीवरून आले, हात धुतले आणि चहा घेता घेता म्हणाले, "तुमच्या कॉलेजची एक पोट्टी आली मिलमंदी. तू वळखतं का तिले?"

"हाँ, क्लास में है।"

"हुशार हाय. मले म्हणे, काका, मी ऐकू का? पेचकस देल्ला. दुसऱ्याच खेपेले बोलली, काका, तीन नंबर किरकिर करून राहिला."

आई हसली. "तुमी तं मले कधी बोलले नाई, ये, आइक."

"तुले काय आइकायचं, तू दिवसभर मलेच आइकवतं."

ते दोघं हसले. मी उठून गच्चीवर गेलो. पेचकस दिला, हेच डोक्यात फिरत होतं. पिशवीतून घरी येणाऱ्या ज्या पेचकसाला मी हात लावला तर बाबा ओरडायचे, तो त्यांनी तिच्या कानाला लावून दिला होता.

मग रोजच तिच्या गोष्टी. तिने डबा कुठे बसवला, तिने कॅन्टीनमध्ये भजी कशी खाल्ली, ती सगळ्या फिटरांना काका म्हणते आणि मराठी असलेल्यांशी मराठीतच बोलते. बाबा एवढं बोलतात, हे मला माहीतच नव्हतं. एका संध्याकाळी ते आईला समजावत होते, "पहा, हा सेन्सर दर मिनिटाले त्या डब्याशी बोलते. डबा पंपाशी बोलते." मला त्या सेन्सरचासुद्धा हेवा वाटला. आमच्या घरात बाबांची आणि माझी दिवसाला दोन वाक्यं होत असतील. जेवला का आणि पंखा बंद कर.

यानंतरचं लिहायला लाज वाटते. एक दिवस ती आलेख घेऊन माझ्याकडे आली. सेन्सर बसवले त्या दिवशी मिल रिकामी फिरत होती, आणि डब्याने कधी सूचना द्यायची ती मर्यादा तिने त्याच आकड्यांवरून ठरवली होती. आता थोड्या थोड्या वेळाने आलेखात उंच टोक येत होतं.

"हे कशामुळे असेल, तुला काही सुचतं का?"

मला कळलं होतं. बाबांनीच कधीतरी आईला सांगितलं होतं, की लाल लोखंड रोलात शिरतं तेव्हा कॅन्टीनमधला चहासुद्धा हलतो. कंपन तेव्हा वाढणारच, त्यात बिघाड काही नाही. मी म्हणालो, "मालूम नहीं।"

पुढचे दोन दिवस मिलमध्ये खोट्या सूचना वाजत राहिल्या. पंप उगाच चालू व्हायचा, फिटर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन पाहायचा आणि काही नाही म्हणून परत यायचा. तो फिटर बाबा होते. दुसऱ्या संध्याकाळी ते आले, पलंगावर बसले आणि आईकडून गुडघ्यांना तेल चोळून घेतलं. तिच्याबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत. "नवी हाय पोट्टी, शिकून जाईन," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिने बाबांना विचारलं. त्यांनी तिला रोलांजवळ उभं केलं, लोखंड येताना दाखवलं, आणि तिने मर्यादा बदलली. वर्गात तिने सरांना हे सांगितलं तेव्हा 'एका फिटर काकांनी' असं म्हणाली. सर म्हणाले, "वाह!" मी खाली पाहत होतो.

मग दहा-बारा दिवस सगळं शांत. बाबा सकाळी जात, ती आठवड्यातून एकदा जात असे, आणि मी दोघांवरही चिडलेलो.

एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला, माझा फोन थरथरला. अनोळखी नंबरवरून इंग्रजीत संदेश होता. बँकेचा असेल म्हणून पुसणारच होतो. 'गिअरबॉक्स तीन. बेअरिंगचं कंपन मर्यादेबाहेर. तेलाचा पंप चालू केला आहे. फिटरने तपासावे.'

पहिल्या बाकावरून ती मागे वळली. तिच्याही हातात फोन होता. तास संपताच ती माझ्याजवळ आली.

"तुला आला ना? खरा आहे. फोनवर आलेख दिसतोय, लोखंड पुढे गेलं तरी टोक खाली येत नाहीये."

"मेरे पास क्यों आया?"

"सगळ्या फिटरांचे नंबर घेतले परवा. काकांनी तुझा दिला. म्हणाले, मला इंग्रजी वाचता येत नाही, माझा मुलगा वाचून सांगेल."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. तिच्याशी मी मराठीत बोललो, हे नंतर लक्षात आलं.

"पहिल्या दिवसापासून. त्यांनी आधी तेच विचारलं, माझ्या पोराला ओळखते का. तू सांगत नव्हतास, म्हणून मीही नाही बोलले."

मी व्हरांड्यात जाऊन बाबांना फोन लावला. वर्गातली पाच-सहा पोरं तिथेच उभी होती. पलीकडे मिलचा आवाज एवढा, की मला ओरडावं लागलं.

"बाबा, तीन नंबर."

"तितंच उभा हावो. सकाळपासून मले बी शंका होती. मशीन काय म्हणते, वाचून सांग."

मी वाचून सांगितलं, मराठीत, मोठ्याने.

"पुन्हा एकदा वाच," बाबा म्हणाले. "स्पीकर चालू करतो. इथल्या लोकायले आइकवाचं हाय."