दोरा न बांधता

कापसाचा भाव चढला त्या पहिल्या हंगामातली ही गोष्ट. मी ती काही वर्षं पोटात ठेवली.

कुठंतरी दूरदेशी लढाई लागली होती म्हणे, आणि अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसावर दलाल तुटून पडत होते. गाड्या भरून उभ्या होत्या. थोरली लेक दात हलतो म्हणून कुरकुरत माझ्या पायात पायात येत होती. दात नुकता कुठं हलायला लागला होता. मला घाई. पोतं शिवून उरलेला दोरा दाताला बांधला आणि हिसका दिला. अर्धा दात दोऱ्यात आला, अर्धा हिरडीत राहिला.

रक्त पाहून बायको धावली. मी म्हणालो, "गाडीच्या जुवावरून पडली."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी बाजाराला निघून गेलो. मागं तिचा गाल सुजला, ताप भरला, आणि जुवावर चढली म्हणून बोलणीही तिनंच खाल्ली. पुढं नवा दात आला तो तिरपा. हसताना ती तोंडावर हात धरते, तो तेव्हापासून.

तीन वर्षांनी धाकट्या लेकीचा दात हलू लागला. मी ओसरीवर बसलो होतो, तर आतून तिचा आवाज आला, "ताई, बाबा माह्या दाताले दोरा बांधतीन का वो?"

दोऱ्याचं घरात माझ्याशिवाय थोरलीलाच ठाऊक होतं, म्हणजे तिनंच ते धाकटीला सांगितलं होतं.

"मले काय विचारतं?" थोरली म्हणाली. "त्यायलेच विचार."

तिथंच मी ठरवलं, या दाताला दोरा लागणार नाही. धाकटीला सांगितलं, जिभेनं हलवत राहा, ओढू नको, बोट लावलंच तर हात धुऊन लाव. भाकर दुधात कुस्करून दे म्हणून बायकोला सांगितलं. ती बघतच राहिली.

दात अगदी लोंबायला लागला तो नेमका गाड्या निघायच्या सकाळी. चुलतभाऊ दारात येऊन उभा राहिला.

"भाऊ, चाला नं. दातच हाय, बाळंतपण नाई."

"तू ने गाड्या. मी येत नाई."

मी हात धुतले. धुतलेल्या लुगड्याची ओली चिंधी घेऊन दात हलकेच धरला.

"दुखते का?"

"नाई. गुदगुल्या होऊन राहिल्या."

जरासा पिळला. दात अख्खा हातात आला. चिंधीची घडी हिरडीवर ठेवून तिला दाबून धरायला लावली. थोरली खांबाला टेकून सगळं पाहत होती.

तिच्यासमोरच मी बायकोला सांगून टाकलं, दोरा, हिसका, जुवाचं खोटं, सगळं.

बायकोनं थोरलीला जवळ ओढलं. म्हणाली, "तवाच काऊन नाई सांगतलं पोरी?"

"बाबा खोटं बोलतीन, हे कोणाले पटलं असतं?"



धाकटीनं दात शेणाच्या गोळीत घातला आणि कौलांवर फेकायला ताईच्या हातात दिला. थोरलीचा स्वतःचा दात तेव्हा कोणी फेकलाच नव्हता. थोरलीनं गोळी जोरात भिरकावली. धाकटी टाळ्या पिटू लागली, तशी थोरलीही हसली. तोंडावर हात होताच. तो काढ म्हणायचा हक्क मला नाही, आणि मी ते म्हणणारही नाही.

चुलतभाऊ संध्याकाळी परतला. भाव काय मिळाला ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं.